लॉकची जोडी निवडणे (रग्बी)

पंधरा जणांच्या रग्बीत ४ आणि ५ क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या खेळाडूंना लॉक म्हणतात. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत गुंतून चेंडूसाठी ढकलतात तेव्हा) हे दोघे दुसऱ्या रांगेत, पुढच्या रांगेतले दोन प्रॉप आणि त्यांच्या मधला हुकर यांच्या मागे डोकी घालून असतात. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू फेकून पुन्हा खेळात आणताना, बहुतेक चेंडू त्यांच्यासाठीच फेकले जातात. संघ निवडताना या दोन जागा सुट्या सुट्या भरता येत नाहीत. संघातले सर्वांत चांगले दोन लॉक घेतले की सर्वांत चांगली जोडी झाली, असे होत नाही. बहुतेक वेळा ते दोघे एकाच कामात पटाईत निघतात आणि दुसरे काम बेवारस राहते. सात जणांच्या रग्बीत स्क्रम तिघांचाच असल्यामुळे तिथे ही जागाच नाही. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेली सात जणांची रग्बी प्रीमियर लीग पाहून ज्यांना या खेळाची गोडी लागली, त्यांनी लॉक अजून पाहिलेलाच नसण्याची शक्यता आहे.

कामांची वाटणी

ढोबळ वाटणी अशी : एक लॉक लाइनआउट चालवतो, म्हणजे कोणता चेंडू कुठे पडणार हे ठरवून पुकारतो आणि स्वतः मधल्या जागी उडी मारतो. दुसरा स्क्रमच्या उजव्या बाजूला, टाइटहेड (उजव्या) प्रॉपच्या मागे जोर लावतो आणि बाकी वेळ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणे), रक (जमिनीवर पडलेल्या चेंडूवरची रेटारेटी) आणि मॉल (चेंडूवाल्याला उभ्यानेच घेरून ढकलणे) यांत खपतो. दक्षिण आफ्रिकेचे बॅकीज बोथा (४) आणि व्हिक्टर मॅटफिल्ड (५) हे या वाटणीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला १५–६ असे हरवले, तेव्हा सामनावीर मॅटफिल्ड होता. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडकडे कर्णधार मार्टिन जॉन्सन (४) आणि बेन के (५) होते. २०१५ च्या न्यूझीलंडकडे ब्रॉडी रेटॅलिक (४) आणि सॅम व्हाइटलॉक (५). मात्र या शेवटच्या जोडीला वरची वाटणी तंतोतंत लागू पडत नाही. दोघेही उडी मारणारे, दोघेही दिवसभर पळणारे. असे दोन खेळाडू एकाच पिढीत मिळणे हे नशीब, त्यावर निवडीचा नियम बेतू नये. कोणत्या क्रमांकाने स्क्रमच्या कोणत्या बाजूला उभे राहावे हे कायद्यात लिहिलेले नाही, ती देशोदेशीची वहिवाट आहे. त्यामुळे जर्सीचा आकडा पाहून काम ओळखायला जाऊ नये.

जड लॉक उजवीकडे का, याला कारण आहे. डाव्या बाजूच्या लूजहेड प्रॉपचा एक खांदा मोकळा असतो. टाइटहेडचे डोके मात्र समोरचा लूजहेड आणि हुकर यांच्या मधे अडकते, म्हणजे दोघांचा भार एकट्यावर येतो. चेंडू आपला असेल तर आपला हुकर पाय उचलून तो मागे घेतो, तेवढ्या क्षणी त्याचा जोरही कमी पडतो. उजवी बाजू मागे सरकली की स्क्रम फिरतो, सर्वांत मागे असलेल्या नंबर एटच्या पायाशी आलेला चेंडू अडचणीत येतो, आणि पेनल्टी बहुधा आपल्याच टाइटहेडच्या नावावर लागते. दोष मात्र अनेकदा त्याच्या मागच्या लॉकचा असतो.

स्क्रममधली चाचणी

लॉक स्क्रममध्ये कसा बसतो हे बाजूने, गुडघ्यावर बसून पाहावे. उभ्याने पाहणाऱ्याला फक्त पाठी दिसतात. दोघे लॉक आधी आतल्या हाताने एकमेकांची जर्सी काखेखाली घट्ट धरतात, गुडघा टेकतात आणि डोके प्रॉप व हुकर यांच्या कमरांमधल्या फटीत घालतात. बाहेरचा हात प्रॉपच्या मांड्यांमधून पुढे नेऊन त्याच्या चड्डीचा कमरपट्टा पकडतात. खांदा प्रॉपच्या कुल्ल्याखाली, मांडी सुरू होते तिथे टेकला पाहिजे. पंचाच्या ‘सेट’ (भिडा) या हुकमाच्या आधी गुडघे जमिनीपासून सुटलेले, पाठ सपाट, दोन्ही पाय कमरेइतक्या अंतरावर आणि मागे समान रेषेत. गुडघ्याचा कोन ९० ते १२० अंशांच्या दरम्यान हवा. त्याहून सरळ पाय आधीच ताणून संपलेला असतो, पुढे द्यायला त्यात काही उरत नाही.

बिघाड साधारण तीन ठिकाणी होतो. खांदा वर लागला तर प्रॉपची कंबर उचलली जाते, डोके खाली जाते आणि स्क्रम कोसळतो. दोन लॉकांच्या कमरांमध्ये फट राहिली तर जोर दोन्ही बाजूंना पांगतो, हुकरच्या मागे कोणी उरत नाही आणि प्रॉपची कंबर बाहेर फाकते. तिसरा बिघाड जोडीचाच. एक १९५ सेंटिमीटरचा आणि दुसरा १८० चा असेल तर दोघांच्या खांद्यांची रेषा तिरपी होते. उंच लॉक बुटक्या प्रॉपच्या मागे दुमडून बसतो आणि त्याच्या मांड्यांचा जोर वाया जातो. म्हणून लॉकची उंची एकमेकांशी आणि पुढच्या प्रॉपशी जुळवून पाहावी लागते.

चाचणी करायची ती पुढचे तिघे आणि मागचे दोघे असे पाच जण स्क्रम मशिनवर (ढकलण्याच्या सरावाच्या सांगाड्यावर) लावून. प्रत्येक जोडीला पाच ढकला द्याव्यात, प्रत्येक पाच सेकंद धरून ठेवायला सांगावी. मग दोघांच्या बाजू बदलून पुन्हा तेच. शेवटी टाइटहेडला एकट्याला बाजूला घेऊन विचारावे की कोण मागे असताना कंबर स्थिर वाटली. प्रशिक्षकाच्या टिपणवहीपेक्षा या उत्तराला जास्त वजन द्यावे. कॉलेजच्या मुलांची चाचणी घेताना १९ वर्षांखालील नियम पाळावेत : स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायचा नाही. नवख्या लॉकचा पाय घसरला तर धोका पुढच्या रांगेच्या मानांना असतो.

लाइनआउटमधली चाचणी

लाइनआउट टच लाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेषेपासून) ५ ते १५ मीटर या पट्ट्यात लागतो. पुढची उडी साधारण ५ मीटरच्या रेषेला लागून, मधली ८ ते १० मीटरवर, मागची त्याच्याही पलीकडे. पुढचा चेंडू सपाट आणि वेगात येतो. मधला आणि मागचा वरून वळण घेत येतो आणि त्यात चूक व्हायला जास्त वाव असतो. इथे खेळाडूची उंची मोजण्यापेक्षा उभ्याने हात वर केल्यावर बोटे कुठवर पोहोचतात ते मोजावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खूण झाल्यापासून त्याला उचलणाऱ्या दोन लिफ्टरच्या हातांवर पूर्ण वर जायला किती वेळ लागतो. ११५ किलोचा उंच लॉक सावकाश वर जातो आणि तोवर समोरच्याचा ९५ किलोचा जम्पर (उडी मारणारा) चेंडू घेऊन खाली उतरलेला असतो.

गोविंदा पथकात थर लावलेली मुले लिफ्टर म्हणून पटकन तयार होतात, हा मुंबईचा फायदा. त्यांना एकच सवय मोडावी लागते : थर सावकाश आणि स्थिर चढतो, इथे झटका हवा. उतरवताना मात्र तीच सवय कामी येते. जम्परला हातातून सोडून द्यायचे नाही, पाय टेकेपर्यंत धरून ठेवायचे. पाय जमिनीपासून सुटलेल्या प्रतिस्पर्ध्याला ओढणे किंवा ढकलणे ही पेनल्टी आहे, आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

प्रत्येक हुकरकडून प्रत्येक लॉकसाठी पुढे दहा आणि मध्ये दहा चेंडू फेकून घ्यावेत. निम्मे समोर विरोधी जम्पर उभा करून. किती घेतले एवढेच न लिहिता कसे घेतले ते लिहावे : दोन्ही हातांत स्वच्छ, बोटांनी मागे टोलवलेला, की सुटलेला. हुकर आणि लॉक यांची गाठ इतकी पक्की असते की हुकर बदलला तर जोडीचा विचारही नव्याने करावा लागतो.

पुकारणारा एकच असावा. दोघांनाही पुकारायची हौस असेल तर हुकरला दोन आवाज ऐकू येतात आणि चेंडू भलतीकडेच जातो. मुंबईच्या संघाने बाहेरच्या संघाविरुद्ध मराठीत पुकारणे सोयीचे. उदाहरणार्थ, पश्चिम रेल्वेचे स्टेशन म्हणजे पुढची उडी, मध्य रेल्वेचे म्हणजे मधली, हार्बरचे म्हणजे मागची. दादर, कुर्ला, वांद्रे, अंधेरी यांसारखी दोन मार्गांवरची स्टेशने वगळावीत. समोर मुंबईचाच दुसरा संघ असेल तर अर्थात ही युक्ती बाद.

मुंबईचा पाऊस आणि उंचीचा प्रश्न

मुंबईत रग्बी प्रामुख्याने पावसाळ्यात खेळला जातो. १८७५ साली स्थापन झालेला, आझाद मैदानाशेजारचा बॉम्बे जिमखाना हे शहरातल्या या खेळाचे जुने ठाणे. क्रिकेटचा हंगाम नसताना मैदान मोकळे असते आणि जुलैचा चिखल पडणाऱ्याला सांभाळून घेतो. पण लॉकच्या निवडीची गणिते हा पाऊस बदलतो. ओला चेंडू हातांतून निसटतो, त्यामुळे नॉक-ऑन (चेंडू हातातून पुढे सांडणे) वाढतात आणि नॉक-ऑन वाढले की स्क्रम वाढतात. मधल्या आणि मागच्या उड्यांवरचा भरवसा कमी होऊन चार-पाच जणांचा आखूड लाइनआउट आणि पुढचा सपाट चेंडू जास्त वापरला जातो. धो धो पावसात म्हणून पुढच्या जागी खात्रीने पकडणारा आणि स्क्रममध्ये भार देणारा असे दोघे हवेत. मधल्या जागी उंच उडणारा पण हलका लॉक त्या दिवशी राखीव बसवला तरी चालते. बुटांचे स्टड २१ मिलिमीटरपर्यंत चालतात, आणि जड लॉकने पावसात आखूड स्टड घालून येणे म्हणजे टाइटहेडला तोंडघशी पाडणे.

दोन मीटरचे लॉक टीव्हीवर पाहून इथली निवड करू नये. स्थानिक सामन्यांत सहा फुटांहून थोडा उंच माणूस हे काम नीट करतो. खरोखर उंच मुले शोधायची तर नागपाड्यासारख्या बास्केटबॉलच्या वस्तीत आणि व्हॉलीबॉलच्या मैदानांवर जावे. त्यांना उडी आणि चेंडू पकडणे येते, स्क्रममधली पाठ शिकवायला मात्र अख्खा हंगाम जातो. अशा खेळाडूला पहिल्या वर्षी लूजहेडच्या मागे ठेवावे. कबड्डीतून आलेला मुलगा याच्या उलट : टॅकल आणि पायांतला जोर तयार, हवेत मात्र बिचकतो. दोघांना एकत्र लावून पाहण्यासारखे आहे.

दमट हवेत शंभर किलोच्या वरचा लॉक पन्नासाव्या-साठाव्या मिनिटाला मंदावतो. रकला तो दोन पावले उशिरा पोहोचू लागला की थकवा मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. किक-ऑफचा चेंडू पकडणे आणि रक साफ करणे ही कामेही दोघांपैकी एकाकडे तरी पक्की असावी लागतात. एखादा लॉक प्रत्येक सामन्यात दोन-तीन पेनल्टी देत असेल तर त्याच्या धाकाचा हिशोब तोट्यात निघतो.

तिसरा लॉक

जोडी निवडताना राखीव लॉकही त्याच बैठकीत ठरवावा. पुकारणारा जखमी होऊन बाहेर गेला आणि खुणा दुसऱ्या कोणालाच पाठ नसतील, तर उरलेला सामना हुकरच्या अंदाजावर चालतो. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा लॉक लूड डी यागर पहिल्याच सत्रात खांदा दुखावून बाहेर पडला. त्याच्या जागी राखीव लॉक फ्रँको मोस्टर्ट आला आणि संघाने इंग्लंडला ३२–१२ असे हरवले. त्या दिवशी आठ राखिवांपैकी सहा जण फॉरवर्ड (स्क्रममध्ये उतरणारे) होते आणि त्यांत दोन लॉक. एवढी चैन क्लबच्या संघाला परवडत नाही. तिथे उडी मारू शकणारा ६ क्रमांकाचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेला असणारा) तिसरा लॉक म्हणून तयार ठेवतात आणि आठवड्यातून एक सराव त्याला दुसऱ्या रांगेत, शक्यतो उजव्या बाजूला देतात.