स्थिर संकेतस्थळ व आशय व्यवस्थापन प्रणाली यांतील निवड

संकेतस्थळाची पाने आधीच तयार करून फाइलींच्या रूपात सर्व्हरवर ठेवावीत, की मजकूर डेटाबेसमध्ये साठवून वाचकाने मागितल्यावर पान जुळवावे, यासंबंधीचा निर्णय. पहिल्या प्रकाराला स्थिर संकेतस्थळ, बोलण्यात स्टॅटिक साइट म्हणतात. दुसऱ्या प्रकारातले काम आशय व्यवस्थापन प्रणाली करते. तिचे सीएमएस हे लघुरूप मराठीतही रुळले आहे.

‘स्थिर’ हे विशेषण मागाहून लागलेले असावे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेतून पहिले संकेतस्थळ खुले केले, तेव्हा पान म्हणजे फाइलच होती. १९९३ च्या सुमारास सीजीआय या जोडणीपद्धतीमुळे सर्व्हरला मागणीनुसार प्रोग्रॅम चालवता येऊ लागला, आणि मग जुन्या पद्धतीला वेगळे नाव देण्याची गरज पडली. पहिली आशय व्यवस्थापन प्रणाली कोणती, याविषयी एकमत नाही. काही लेखक तिचे मूळ फाइलनेट या कंपनीच्या १९८० च्या दशकातील प्रणालीत शोधतात. इतर जण सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक वृत्तसंकेतस्थळाने स्वतःच्या वापरासाठी बनवलेल्या व पुढे व्हिग्नेट कंपनीने स्टोरीसर्व्हर नावाने विकलेल्या प्रणालीला (१९९० च्या दशकाचा मध्य) हा मान देतात. फाइलनेटचा भर कार्यालयीन दस्तऐवजांच्या प्रतिमांवर होता, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जूमला (२००५) या मुक्त प्रणालींनी हे तंत्र लहान संस्थांच्या आवाक्यात आणले.

दोहोंतील सीमारेषा मात्र समजली जाते तितकी ठळक कधीच नव्हती. मूव्हेबल टाइप या ब्लॉगसाठीच्या प्रणालीत (२००१) लेखक अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये लिहीत असे, तरी वाचकापुढे जात त्या तयार फाइलीच. नोंदी वाढल्या की त्या पुन्हा घडवायला बराच वेळ लागे. २००८ मध्ये आलेले जेकिल आणि २०१३ मधील ह्यूगो हे स्थिर पाने घडवणारे प्रोग्रॅम त्याच कल्पनेकडे वळले, फक्त पॅनेल गळले. उलट वर्डप्रेसवर कॅशिंगचे प्लगइन बसवले की मागणीनुसार घडणारे पानही फाइल म्हणून साठवले जाते.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण सविस्तर नोंदवण्यासारखी आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि वेबपत्त्यात सांकेतिक रूप घेताना त्याच्या नऊ जागा होतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘मुंबई’ हा तीन अक्षरांचा शब्द अशा रीतीने ४५ जागा व्यापतो. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्त्याचा भाग आपोआप तयार करते, पण त्याला २०० जागांचीच मर्यादा आहे. ‘गिरगावातील सार्वजनिक गणेशोत्सव’ या शीर्षकाचा पत्ता त्यामुळे ‘गिरगावातील-सार्वजनिक-गणे’ येथे तुटतो. पत्ता हाताने रोमन लिपीत लिहिणे हा रूढ उपाय आहे. स्थिर संकेतस्थळात फाइलीचे नाव मूळ रूपात राहते. लिनक्सवरील सामान्य मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे ८५ देवनागरी चिन्हांची असल्याने तेथे ही काटछाट सहसा होत नाही. जुन्या मराठी पानांवरील विशिष्ट फाँटांचा प्रश्न मात्र फाइल जपून सुटत नाही. तो फाँट संगणकावर नसेल, तर जशीच्या तशी जपलेली फाइलही निरर्थक रोमन अक्षरे दाखवते.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबईतील सुरुवातीची संकेतस्थळे बहुतांशी स्थिरच असावीत. आज येथे निवड होते ती बहुधा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या सवयीने. वस्तुतः पाहायला हवे ते मजकूर किती वेळा बदलतो आणि तो बदलणारा कोण, हे. नाट्यगृहाचे प्रयोग दर आठवड्याला बदलतात आणि तिकीटखिडकीवरच्या माणसाला ते स्वतः चढवायचे असतात. तेथे सीएमएसच सोयीची. बांधकाम व्यावसायिकाच्या एका प्रकल्पापुरत्या पानाला, वर्षातून एकदा निघणाऱ्या दिवाळी अंकाला किंवा दहा दिवस गजबजणाऱ्या मंडळाला तिची गरज क्वचितच भासते. अशा ठिकाणी ती उरलेले महिने कोणी न बघता चालू राहते आणि धोका तेथेच असतो. ड्रुपलमधील ऑक्टोबर २०१४ च्या त्रुटीनंतर, काही तासांत दुरुस्ती न बसवलेले प्रत्येक संकेतस्थळ बाधित समजावे, असे खुद्द ड्रुपलच्या सुरक्षा गटाने जाहीर केले होते. वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीतील त्रुटीमुळे २०१७ च्या आरंभी असंख्य संकेतस्थळांवरील मजकूर परस्पर बदलला गेला. कार्यवाह बदलला की पासवर्ड हरवणाऱ्या संस्थेकडून काही तासांत दुरुस्तीची अपेक्षा धरणे कठीण.

स्थिर संकेतस्थळातही पासवर्ड हरवतोच, पण हल्लेखोराला शिरायला डेटाबेस वा लॉगिनचे पान तेथे नसते. त्याची उणीव निराळी आहे: शुद्धलेखनाची एक चूक सुधारायलाही फाइली हाताळू शकणारा माणूस लागतो. शोध, अभिप्राय व देणगीचे अर्ज यांसाठी बाहेरील सेवा जोडाव्या लागतात.

सीएमएसवरून स्थिर संकेतस्थळाकडे जाताना जुने पत्ते तुटलेल्या रूपातच जपावे लागतात. ‘गणे’चे ‘गणेशोत्सव’ केले, तर इतरांनी दिलेले जुने दुवे निकामी होतात.