विंडो पारदर्शक करणारी टूल्स: २००० पासून आजपर्यंत

कॉम्प्युटरवरची एखादी विंडो फिकी करून तिच्या मागचं दाखवणारी छोटी फुकट टूल्स मिळतात; असं टूल स्वतः फारसं काही करत नाही. खरं काम ऑपरेटिंग सिस्टिम करते, आणि ती सोय विंडोज २००० पासून तिच्या पोटात आहे. विंडोवर 'लेयर्ड' (थराची) अशी खूण करायची आणि ० ते २५५ मधला एक आकडा द्यायचा, बस्स. २५५ ला विंडो नेहमीसारखी, १२८ च्या आसपास निम्मी आरपार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना त्यासाठी फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधून देता येणारी तयार आज्ञा, मिळालं. प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना मात्र साधं एक बटणही दिलं नाही. मग हौशी प्रोग्रॅमरांनी ते बटण बनवलं. काही केबींची फाइल, इन्स्टॉल करायची भानगड नाही, घड्याळाशेजारी आयकॉन येऊन बसतो.

विंडोज ९८ वर हे जमत नसे, कारण तिथे प्रत्येक विंडो थेट स्क्रीनवर रंगवली जायची. वरच्या विंडोनं झाकलेला भाग कुठेच साठवलेला नसायचा, मग मिसळणार काय आणि कशात? २००० मध्ये लेयर्ड विंडो आधी मेमरीत रंगवायची आणि मग खालच्या चित्रात मिसळायची, अशी व्यवस्था आली. कोल्हापुरात ९८ बरीच वर्षं टिकून होतं. तिथे व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं असं एखादं टूल चालवलं, की यूझर३२ या विंडोजच्या फाइलमध्ये 'एंट्री पॉइंट' (म्हणजे ते फंक्शन) सापडत नाही असा एरर यायचा आणि दोष पेन ड्राइव्हमधल्या व्हायरसवर जायचा.

विंडोज एक्सपी आल्यावर टूल पसरलं. ते केवळ शोभेपुरतं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे विंडोज ८ च्या वेळी झालेल्या वादात हीच गोष्ट विसरली गेली. डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांकडे, गिऱ्हाईक जुनी लग्नपत्रिका घेऊन येतं: 'अगदी अशीच पाहिजे, फक्त नावं बदला.' ऑपरेटर पत्रिका स्कॅन करतो, ते चित्र खाली उघडं ठेवतो, वर पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमची विंडो १७० वर आणतो आणि गणपतीपासून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पर्यंत एकेक ओळ खालच्या ओळीवर बसवत जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात सुट्या भागांची ड्रॉइंग करणाऱ्यांचंही तसंच. पार्टीकडून सुधारित ड्रॉइंग आलं की जुन्यावर नवं ठेवायचं, झूम सारखा करायचा, कुठलं भोक सरकलंय ते लगेच दिसतं. पूर्वी हेच काम ट्रेसिंग पेपरवर व्हायचं. अर्थात, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर अशी विंडो ओढली की ती अडखळत मागून यायची, हेही खरं. मिसळायचं बरंचसं काम प्रोसेसरवरच पडायचं.

विंडोज व्हिस्टानं, म्हणजे २००७ च्या सुरुवातीला दुकानात आलेल्या आवृत्तीनं, हे चित्र बदललं. सगळ्याच विंडो आधी मेमरीत आणि मग ग्राफिक्स कार्डाकडून एकत्र, अशी रचना झाली. सोबत आला तो एरो ग्लास: शीर्षकपट्टी आणि कडा धूसर काचेसारख्या. व्हिस्टाचा 'होम बेसिक' हा प्रकार घेणाऱ्यांना ती काचही मिळाली नाही.

इथून जो गोंधळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. काच आणि पारदर्शकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच फक्त चौकटीला होती, आतला मजकूर ठामच. टूल जे करतं ते उलट: चौकट, बटणं, अक्षरं, सगळी विंडो एकाच प्रमाणात फिकी. बाहेरून येणाऱ्या टूलच्या हाती एका अख्ख्या विंडोसाठी मिळून एकच आकडा असतो. 'पार्श्वभूमी फिकी करा पण अक्षरं गडद ठेवा' हे त्याला सांगता येत नाही, कारण कुठला ठिपका अक्षराचा आणि कुठला कागदाचा हे ज्याची विंडो आहे त्या प्रोग्रॅमलाच ठाऊक.

२०१२ मध्ये विंडोज ८ च्या अंतिम आवृत्तीतून काच काढून टाकली. चाचणीच्या आवृत्त्यांत ती होती. शैली जुनाट वाटते, नव्या सपाट रूपाशी जुळत नाही, असं कारण दिलं गेलं. वाद पेटला तो मुख्यतः सौंदर्यावर: एका बाजूला काचेचे चाहते, दुसऱ्या बाजूला 'बरं झालं, ब्याद गेली' म्हणणारे. दोन्ही बाजू धरून चालल्या की पारदर्शकताच गेली. प्रत्यक्षात लेयर्ड विंडोला धक्काही लागला नव्हता. उलट त्याच आवृत्तीत ही सोय मुख्य विंडोच्या पोटातल्या छोट्या विंडोंनाही लागू झाली, आणि जुनी टूल्स ८ वर चालत राहिली. टास्कबारसुद्धा थोडा आरपारच ठेवला होता, त्यामुळे जुनाटपणाचं कारण तितकंसं पटत नाही. एवढ्या गदारोळात साधी मागणी मागे पडली: आतल्या यंत्रणेत सगळं तयार आहे, तर शीर्षकपट्टीच्या मेनूत विंडो कमी-जास्त फिकी करणारी एक सरकती पट्टी द्यायला काय हरकत होती?

लिनक्सवर ही अडचण फारशी आली नाही. २००४ मध्ये विंडो आधी मेमरीत रंगवून मग मिसळायची सोय, कंपोझिट एक्स्टेन्शन, आली, पुढे कॉम्पिझ या विंडो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की विंडो फिकी व्हायची. पण इथल्या डीटीपीचा संसार पेजमेकर आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर उभा, तो सोडून लिनक्सकडे कोण जाणार?

विंडोज १० मध्ये, २०१५ साली, बटण अखेर दिलं गेलं, पण फक्त कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या विंडोला. ती ३० टक्क्यांच्या खाली जात नाही, म्हणजे हरवण्याची भीती नाही. विंडोज ११ मध्ये विंडोंच्या पार्श्वभूमीला दिलेली 'मायका' तर पारदर्शक नाहीच; ती वॉलपेपरचा रंग उचलते, मागची विंडो दाखवत नाही.

जुनी टूल्स त्याच २००० मधल्या फंक्शनवर आजही चालतात. एक अडचण व्हिस्टापासूनची आहे: जो प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं उघडलाय, त्याच्या विंडोला साध्या हक्कांनी चालणारं टूल हात लावू शकत नाही. डोंगल (परवान्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) लागणारी जुनी सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी तशीच उघडली जातात. तिथे टूलवरही राइट क्लिक करून तेच निवडावं लागतं.