सामूहिक कालपसंती

आजचा लहान लाभ घ्यावा की पुढच्या मोठ्या लाभासाठी थांबावे, हे एकट्या व्यक्तीऐवजी कुटुंब, समिती, संचालक मंडळ वा मतदारवर्ग ठरवतो, तेव्हा त्या गटाच्या निवडीतून दिसणारी सबुरी वा उतावीळपणा म्हणजे सामूहिक कालपसंती.

भावी लाभाला स्थिर वटाव दर (लाभ जितका लांब, तितके त्याचे आजचे मोल दरवर्षी ज्या प्रमाणात घटते तो दर) लावण्याचे प्रतिमान पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३७ मध्ये मांडले. दर स्थिर नसेल, तर आज आखलेला बेत पुढे मोडावासा वाटतो, हे रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास दाखवले. दोघांपुढे होती ती एकटी व्यक्ती.

गटाचा उतावीळपणा सदस्यांच्या स्वभावातून येतो की मतांच्या गोळाबेरजेतून, हा वादाचा मुद्दा. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. समजा, वर्षभराने मिळणाऱ्या लाभाला ‘क्ष’ ०.९ आणि ‘य’ ०.५ वजन देतो. पुढच्या प्रत्येक वर्षासाठी तेच वजन पुन्हा गुणले जाते, म्हणून दोघांचे सरासरी वजन पहिल्या वर्षाला ०.७, दुसऱ्याला ०.५३, तिसऱ्याला सुमारे ०.४३. आज १०० की वर्षाने १३५? १३५ चे आजचे मोल ९४.५ भरते, गट १०० उचलतो. दुसऱ्या वर्षी १०० की तिसऱ्या वर्षी १३५? आता ५३ विरुद्ध सुमारे ५७.६, गट थांबायचे ठरवतो. दुसरे वर्ष उजाडले की मात्र पुन्हा १००! ‘क्ष’ कायम थांबणारा, ‘य’ कायम न थांबणारा. शब्द फिरवतो तो गट.

मॅथ्यू जॅक्सन व लीएट यारीव्ह यांनी २०१४ मध्ये ही बाब सर्वसाधारणपणे सिद्ध केली. त्यांच्या प्रयोगांत इतरांसाठी निर्णय घेणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश जण वर्तमानाकडे झुकले. काळानुसार सुसंगत राहिले ते २ टक्क्यांहून कमी.

बहुमताने दोनच पर्यायांतून निवडायचे असेल आणि सदस्यांचे दर स्थिर असतील, तर ही उलटापालट होत नाही. पर्याय तीन वा अधिक झाले की काँदॉर्सेने १७८५ मध्ये दाखवलेले चक्र संभवते: बहुमत ‘अ’ला ‘ब’पेक्षा, ‘ब’ला ‘क’पेक्षा आणि ‘क’ला पुन्हा ‘अ’पेक्षा पसंत करते.

चर्चेच्या परिणामाविषयीचे जुने पुरावे मुख्यतः जोखमीसंबंधीचे आहेत (स्टोनर, १९६१). चर्चेने गटाचा मूळचा कल तीव्र होतो, हे मॉस्कोव्हिसी व झावालोनी यांचे १९६९ चे निरीक्षण सबुरीलाही लागू पडावे.

वरच्या उदाहरणातील गटाप्रमाणे काळाबरोबर घटणारा दर सरकारी नियमांतही दिसतो: ब्रिटिश सरकारच्या २००३ च्या प्रकल्प-मूल्यमापन मार्गदर्शिकेत वटाव दर ३.५ टक्क्यांवरून ३०० वर्षांपलीकडे १ टक्क्यापर्यंत उतरतो. मात्र तेथे मुख्य कारण दिले आहे ते भविष्याच्या अनिश्चिततेचे.