स्टील वूल नेताय? गाडीला लावायच्या आधी एवढं वाचून घ्या

खंडेनवमी जवळ आली की आमच्या काउंटरवर एकच मागणी, ते घासायचं द्या हो, बंपर चमकायला पाहिजे. देतो की, पण कुठल्या पार्टला लावणार असं विचारलं की निम्मी माणसं म्हणतात सगळ्यालाच, आणि तिथंच घोळ होतोय. म्हणून हा कागद छापलाय, पाकिटाबरोबर फुकट आहे, गाडीत ठेवा.

स्टील वूल म्हणजे साध्या लोखंडाच्या अगदी बारीक तारांचा गुंता. पाकिटावरचा नंबर बघायचा. 0000 म्हणजे सगळ्यात बारीक, मग 000, 00, 0 आणि तिथून पुढं 1, 2, 3, 4 जाड होत जातंय. पॉलिश पेपरला नंबर वाढला की पेपर बारीक होतो, इथं उलटं आहे, शून्यं जास्त तेवढं बारीक, त्यामुळं गॅरेजवालेसुद्धा कधीकधी गडबडीत 3 नंबर मागून नेतात. चमकणाऱ्या पार्टला लावायचंच झालं तर फक्त 0000, आमच्याकडं त्याला चार शून्य म्हणा, पोरगं लगेच काढून देईल. भांडी घासायची तारेची घासणी आणि हे एक नव्हे, ती पट्टीसारखी जाड असते, क्रोमवर, म्हणजे बंपरच्या चकचकीत मुलाम्यावर, ओढली की रेघा पडल्याच म्हणून समजा, आणि त्या रेघा मग कुठल्याही पॉलिशनं जात नाहीत.

आता क्रोमचं. जुनी अँबेसिडर, पद्मिनी, मैसूरला बनलेली येझदी, बुलेट, यांच्यावरचा क्रोम लोखंडावर चढवलेला असतो, म्हणजे आधी निकेल आणि त्याच्यावर क्रोमचा थर, आणि तो वरचा थर बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्याला डोळ्याला न दिसणारी छिद्रं आणि चिरा असतात, पावसाळ्यात पाणी तिथनं आत गेलं की खालचं लोखंड गंजतंय आणि तो गंज टिपक्या टिपक्यांनी वर येतो. खानापूर, जांबोटीकडच्या, म्हणजे जास्त पावसातल्या, गाड्यांना हे जास्त, आणि चोर्ल्याच्या घाटानं सारखं गोव्याला जा-ये करणाऱ्यांना तर विचारूच नका, समुद्राकडची खारट हवा लागते, म्हणून तिकडनं आल्यावर साध्या पाण्यानं गाडी खालपासून धुवून काढायची सवय लावा. क्रोम स्वतः कडक असतो, साध्या लोखंडाच्या बारीक तारेपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळं 0000 वूल वरचा गंज ओढून काढतंय आणि क्रोमला धक्का लागत नाही. पण हे बारीक वुलाला आणि हलक्या हाताला लागू, जोर लावला की नाही.

काम असं करायचं. आधी शाम्पूच्या पाण्यानं पार्ट धुवा, रस्त्याची धूळ, माती, उसाच्या ट्रॅक्टरमागनं उडालेला चिखल, सगळं निघून गेलं पाहिजे, कारण रेघा पाडते ती ही वाळूच, वूल नव्हे. शेजारच्या पेंटला मास्किंग टेप लावा. मग डब्ल्यूडी-40 किंवा कसलंही पातळ तेल मारा, नाहीतर साबणाचं पाणी, कोरडं घासू नका. वुलाचा लिंबाएवढा तुकडा तोडा (अख्खा गोळा घ्यायची गरज नाही), आणि बंपरच्या लांबीनं सरळ ओढा, गोल गोल नको. थोड्या वेळात तेल तपकिरी दिसायला लागतंय, तो गंज निघतोय. फडक्यानं पुसा, उन्हात धरून बघा, टिपका राहिला असेल तर नवीन तुकडा घेऊन परत. तुकडा काळा-तपकिरी झाला की टाकून द्या, काटकसर करत तोच घासत बसलात तर निघालेला गंजच परत क्रोमवर ओढताय. शेवटी क्रोम पॉलिश आणि त्यावर मेणाचा एक हात. मेण टाळू नका, बरीच माणसं इथंच आळस करतात आणि मग पुढच्या पावसात टिपके परत येतात, कारण छिद्रं तर तिथंच आहेत, फक्त गंज काढलाय. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागपण याच पद्धतीनं जातात. आणि पूजेची हळद-कुंकू, गंध दोन दिवसांनी पुसून टाका, ओलावा धरून राहतंय ते, राग मानू नका.

आता कुठं लावायचं नाही ते बघा, हे जास्त महत्त्वाचं.

नवीन गाड्यांची ग्रिल, लोगो, दाराची हँडलं यातलं बरंचसं प्लास्टिकवर चढवलेलं क्रोम असतं. नखानं टकटक करा, आवाजावरनं कळतं, नाहीतर चुंबक लावा, चिकटला नाही तर वूल बाजूला ठेवा. हेडलाइटच्या प्लास्टिकलापण नको.

अलॉय व्हीलवर कंपनीचा लॅकर, म्हणजे पारदर्शक थर असतो, त्याला वूल लावलं की पांढरट पट्टे पडतात. लॅकर आहे का नाही हे बघायचं असेल तर कोपऱ्यात फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन घासा, फडकं काळं झालं तर उघडं अ‍ॅल्युमिनियम, नाही झालं तर वर लॅकर आहे. उघड्या अ‍ॅल्युमिनियमलासुद्धा लोखंडी वूल नकोच, ते मऊ असतं, रेघाही पडतात आणि लोखंडाचे कण त्यात रुतून पुढं गंजाचे डाग देतात. त्याला नायलॉनचं पॅड आणि पॉलिश. स्टेनलेसच्या पट्ट्यांचंपण तेच, तिथं स्टेनलेसचं वूल वेगळं मिळतं. ब्रेकच्या डिस्कजवळ, अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) आसपास तर नकोच, तुकडे आत जातात.

उघड्या लोखंडाला मात्र बिनधास्त. जॅक, पाने, ब्रॅकेट, सीटखालचे रॉड, आधी 1 किंवा 0 नंबर आणि मग 000. त्यानंतर पेंट मारणार असाल तर थिनरनं पुसून घ्या, कारण गंजू नये म्हणून वुलाला कारखान्यातच तेलाचा हात मारलेला असतो आणि त्या तेलावर पेंट धरत नाही, मग सोललं की दोष पेंटवाल्याला.

आगीचं एक नीट ऐका. बारीक लोखंडी तार भस्सकन पेटते, 9 व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटली तरी निखाऱ्यासारखी लाल होते. गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल वुलानं घासायचा मोह बऱ्याच जणांना होतो, करू नका, प्लस-मायनसला एकदम टेकलं तर शॉर्ट, आणि बॅटरीतनं हायड्रोजन सुटत असतो, तो ठिणगीनं पेटतो. त्याला तारेचा ब्रश, तोही केबल काढून, मायनस आधी काढायची. उद्यमबागेतल्या वर्कशॉपवाल्यांना वेगळं सांगायला नको, तरीपण ग्राइंडरच्या ठिणगीपासून पाकीट लांब ठेवा. वापरलेले तुकडे पाण्यात बुडवून मग कचऱ्यात. हातमोजे आणि चष्मा घाला, तुटलेले बारीक तुकडे बोटात कुसळासारखे रुततात आणि निघता निघत नाहीत.

उरलेलं पाकीट पावसाळ्यात उघडं ठेवलं की स्वतःच गंजून जातं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं झालेलं परत ठेवू नका.

क्रोमचे पापुद्रे सुटले असतील किंवा नखाला खड्डे लागत असतील तर वुलावर पैसे घालवू नका, तो पार्ट परत प्लेटिंगलाच द्यावा लागतो. प्लेटिंग आम्ही करत नाही, पण पार्ट दाखवायला आणा, घासून निघणार असेल तर कोपऱ्यावर थोडं करून दाखवतो आणि नसेल तर तसं तोंडावर सांगतो. फोटो पाठवून विचारू नका, फोटोत प्लास्टिक आणि लोखंड सारखंच दिसतंय.