डच खेड्यात घर घेताय? आधी पत्त्याची ‘बेस्टेमिंग’ बघा

आपल्याकडे गावाकडची जमीन घेताना जाणता माणूस पहिल्यांदा विचारतो, “एन.ए. आहे का?” नेदरलँड्सच्या खेड्यात घर बघायला गेलात तरी हाच प्रश्न आधी विचारा. तिथं त्याला ‘बेस्टेमिंग’ म्हणतात, म्हणजे त्या जागेचा ठरवून दिलेला वापर. आइंडहोव्हनच्या आसपास न्यूनेन, वालरे, एर्सेल अशा गावांत नोकरीनिमित्त आलेली आपली माणसं हल्ली घरं शोधताना दिसतात. ती बागेला भुलतात, विटांच्या भिंतींना भुलतात, आणि बेस्टेमिंग बघायची राहून जाते. आम्हीही भुललो होतो. फुंडा या संकेतस्थळावर एक घर आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच स्वस्त दिसत होतं. चौकशी केल्यावर कळलं की ती शेतीला जोडलेली ‘बेद्रैफ्सवोनिंग’ आहे. तिथं राहायचं तर ती शेती चालवावी लागते. माझी शेती म्हणजे कुंडीतला कढीपत्ता.

दुसरा सापळा सुट्टीच्या घरांचा. जंगलाच्या कडेला बंगल्यांची वसाहत, किंमत शहरातल्या फ्लॅटपेक्षा कमी. त्यातली बहुतेक घरं ‘रेक्रेआत्सीवोनिंग’ असतात. ती विकत घेता येतात, पण बारमाही राहता येत नाही, आणि बँकाही अशा घरांना नेहमीचं गृहकर्ज देत नाहीत. 1 जानेवारी 2024 पासून ‘ओमखेव्हिंग्सवेत’ हा नवा कायदा लागू झाला. तेव्हापासून जागेचा वापर नगरपालिकेच्या, म्हणजे खेमेन्तेच्या, ‘ओमखेव्हिंग्सप्लान’मध्ये पाहायचा. सरकारी ओमखेव्हिंग्सलोकेट पोर्टलवर पत्ता टाकला की त्या जागेचे नियम नकाशावर दिसतात. भाषा डच आणि किचकट असते. न कळलं तर खेमेन्तेला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

कोण घेऊ शकतं?

कायद्याने कुणीही. परदेशी नागरिकाला घर घ्यायला बंदी नाही आणि डच नागरिकत्वाची अट नाही. पण घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. हे पुण्यात बसून चौकशी करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. तिकडे नोकरी नसेल तर कर्जही जवळपास विसराच.

कर्ज हवं असेल तर बीएसएन हा डच नागरी ओळख क्रमांक, मुदतीतला राहण्याचा परवाना आणि नोकरीचा करार लागतो. करार कायमचा असेल तर उत्तम. तात्पुरता असला तरी चालतो, मात्र मुदत संपल्यावर तो पुढे चालू ठेवण्याचा इरादा आहे असं कंपनीला लिहून द्यावं लागतं. परवाना तात्पुरता असताना काही बँका हात आखडता घेतात, काही देतात. म्हणून स्वतः बँका झिजवण्यापेक्षा परदेशी नोकरदारांची प्रकरणं करणारा कर्जसल्लागार गाठा. त्याचं शुल्क वसूल होतं.

काही खेमेन्ते स्वस्त, विशेषतः नव्या बांधलेल्या घरांसाठी स्थानिकांना प्राधान्य देतात. काही ठिकाणी घेतलेल्या घरात स्वतःच राहण्याचं बंधन असतं. शिवाय 2022 पासून बऱ्याच ठिकाणी ठराविक भागातलं घर घेऊन ते भाड्याने देण्यावरही बंधनं आली. त्यामुळे ‘आत्ता घेऊ, भाड्याने देऊ’ हे गणित तिथं आपल्यासारखं चालत नाही.

खिशातून किती?

कर्ज घराच्या मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त 100 टक्के मिळतं. ऊर्जाबचतीची कामं करणार असाल तर 106 टक्क्यांपर्यंत. पण कर, नोटारिस (खरेदीखत करणारा डच कायदेतज्ज्ञ), सल्लागार, मूल्यांकन हा वरचा खर्च आपलाच. जाहिरातीत किमतीपुढे ‘के.के.’ लिहिलेलं असतं. ‘कोस्टन कोपर’, म्हणजे हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या माथी. नव्या बांधकामाला ‘फ्रे ऑप नाम’ असेल तर हस्तांतराचा खर्च किमतीतच धरलेला असतो. आणखी एक मेख आहे. चढाओढीत तुम्ही 4,40,000 युरोची बोली लावली आणि मूल्यांकन 4,20,000 आलं, तर मधले 20,000 रोख भरायचे.

हस्तांतर कर आपल्या मुद्रांक शुल्काच्या जागी समजा. स्वतः राहणाऱ्याला 2 टक्के, आणि न राहणाऱ्याला 2026 पासून 8 टक्के. 18 ते 34 वर्षांच्या माणसाला आयुष्यात एकदा पूर्ण माफी मिळते, पण घराची किंमत 2026 च्या मर्यादेत, म्हणजे 5,55,000 युरोपर्यंत असावी. वय मोजतात ते नोटारिसकडे हस्तांतर होतं त्या दिवशी, करारावर सह्या होतात त्या दिवशी नव्हे. 35 वा वाढदिवस जवळ आला असेल तर तारीख त्याआधीची मागून घ्या. नवराबायकोचा हिशेब वेगवेगळा होतो. 4,20,000 च्या घरात निम्मा-निम्मा हिस्सा, ती 33 ची आणि तो 38 चा, तर तिच्या हिश्शावर शून्य आणि त्याच्यावर 4,200 युरो.

एनएचजी ही राष्ट्रीय कर्जहमी 2026 मध्ये 4,70,000 युरोपर्यंतच्या घरांना मिळते. कर्जाच्या 0.4 टक्के एकदाच भरायचे. त्या बदल्यात व्याजदर कमी लागतो आणि नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला, तर अटी पाळलेल्या असताना उरलेल्या कर्जाला आधार मिळतो. बसत असेल तर सोडू नका.

कागद

पासपोर्ट, परवाना, बीएसएन, शेवटची पगारपत्रकं, स्वतःच्या पैशाची बँक विवरणपत्रं. शिवाय मालकाचं ‘वेर्कखेव्हर्सफरक्लारिंग’. उच्चार जमला नाही तरी चालेल, एचआरला नुसतं ‘गृहकर्जाचं पत्र’ म्हटलं तरी कळतं. आधीची कर्जं बीकेआर या नोंदवहीत तपासली जातात.

खरी गाडी अडते ती आपल्या भारतीय दाखल्यांवर. नोटारिसला तुमचं लग्न झालंय का, कुठल्या देशात, संपत्ती सामाईक की वेगळी, हे ठरवावं लागतं. आमचा विवाहाचा दाखला मराठीत होता आणि त्याला अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला मान्य होण्यासाठीचा शिक्का, नव्हता. तिकडे आल्यावर नोंदणी करताना तो चालला नाही, आम्हीही नंतर बघू म्हणालो, आणि घराच्या वेळी नेमकं तेच उभं राहिलं. मग सासूबाईंनी सांगलीत भाषांतर करून घेतलं, राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, मग कुरिअर. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कुठं वडिलांचं आणि कुठं नवऱ्याचं, ही आपली पद्धत डच कारकुनाला समजावणं हे वेगळंच काम आहे. नाव बदलल्याचं गॅझेट असेल तर त्याचंही भाषांतर जवळ ठेवा.

आईवडील मदत करणार असतील तर निवासी भारतीयाला एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. 10 लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनेच आधी वसूल केलेला कर, कापला जातो आणि तो विवरणपत्र भरताना वळता करता येतो. तुम्ही स्वतः एनआरआय असाल तर एलआरएस तुमच्यासाठी नाही. तुमचे भारतातले पैसे एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून वर्षाला 10 लाख डॉलरच्या मर्यादेत, सीएच्या दाखल्यासह जातात. तिकडे नोटारिस प्रत्येक युरो कुठून आला हे विचारतो. भेटपत्र आणि विवरणपत्र तयार असावं.

बोलीपासून किल्लीपर्यंत

बोली बहुतेकदा बंद पाकिटासारखी असते आणि ठरलेल्या वेळेपर्यंत द्यायची. जास्त आकड्यालाच घर द्यावं असं विकणाऱ्यावर बंधन नाही. बोलीत ‘कर्ज न मिळाल्यास’ आणि ‘इमारत तपासणीत मोठा खर्च निघाल्यास’ माघारीच्या अटी घाला. एजंट त्या गाळायला सुचवतील, कारण अटी नसलेली बोली विकणाऱ्याला आवडते. कर्जाची अट मी तरी कधीच गाळणार नाही, कारण करार मोडला तर 10 टक्के दंड बसतो.

तपासनीस आला तेव्हाचं दृश्य माझ्या लक्षात राहिलंय. त्याने दारातलं पायपुसणं उचललं, खालचं लाकडी झाकण काढलं आणि बॅटरी घेऊन जमिनीखालच्या पोकळीत उतरला. पाच मिनिटं फक्त त्याचा आवाज येत होता. वर आला तेव्हा गुडघे चिखलाने भरलेले आणि चेहरा हसरा, लाकूड कोरडं होतं. आइंडहोव्हनच्या ब्राबांत प्रांतातल्या वाळूत हे निभावतं. पश्चिमेकडच्या आणि फ्रीसलांडच्या पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ, जमिनीत जुनी घरं लाकडी खांबांवर असतात आणि भूजल खाली गेलं की ते कुजतात. तिथं पायाचा वेगळा अहवाल मागा. ग्रोनिंगनच्या गावांत वायू उपशामुळे भूकंप झाले, 2012 मध्ये हाउझिंगे इथं 3.6 तीव्रतेचा. तिथं आधीच्या नुकसानभरपाईची कागदपत्रं बघा. 1994 च्या आधीच्या गोठ्यांच्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो. गावाबाहेरचं घर सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलंय की टाकीवर आहे, आणि शेजाऱ्याला तुमच्या अंगणातून वहिवाटीचा रस्ता आहे का, हे जुन्या खरेदीखतात सापडतं. मार्कन किंवा ओरवेल्टसारख्या संरक्षित गावात खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. आणि वसंतात एकदा वारं बघून घर पाहा. शेतात खत पडतं तेव्हाचा वास जाहिरातीत येत नाही.

सौदा तोंडी ठरला तरी पक्का नाही. लेखी करार झाला आणि त्याची प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून 3 दिवस विचाराची मुदत सुरू होते. कारण न देता माघार घेता येते. त्यात निदान दोन दिवस कामाचे असावे लागतात, म्हणून गुरुवारी प्रत मिळाली तर मुदत सोमवारी रात्री संपते. मग साधारण दीड महिन्यात कर्ज आणि 10 टक्के अनामत किंवा बँकहमी. करारासोबतची ‘लेस्ट फान झाकन’ ही यादी ओळ न् ओळ वाचा. पडदे, दिवे, एवढंच काय पण जमिनीवरचं लॅमिनेटसुद्धा विकणारा काढून नेऊ शकतो.

नोटारिसकडे जायच्या आधी, बहुतेक त्याच सकाळी, घराची शेवटची फेरी होते. वीज-पाण्याचे आकडे मोबाइलवर टिपून घ्या. डच पुरेसं येत नसेल तर दुभाषा लागतो, तो आधी ठरवा. नोटारिस खरेदीखत वाचतो, दुभाषा इंग्रजीत सांगतो, कॉफी गार होते, सह्या होतात आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर सरकतो. मालकी मात्र खत कडास्टरच्या, म्हणजे सरकारी जमीन नोंदणी कार्यालयाच्या, नोंदवहीत गेल्यावर तुमची होते, ते काम नोटारिसच करतो. इमारतीचा विमा त्याच दिवसापासून सुरू असला पाहिजे. गवताचं छप्पर असेल तर त्याचा हप्ता आधीच विचारा.

राहायला गेल्यापासून 5 दिवसांच्या आत खेमेन्तेत नवा पत्ता कळवायचा. पुढे खेमेन्तेचा घरकर येतो, आणि जलमंडळाचं वेगळं बिल येतं, वातरस्खापचं. ते बघून घाबरू नका, बंधारे त्याच पैशांवर उभे आहेत.