इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या एन्क्लोजरचे तडे : दुरुस्ती व प्रतिबंध

इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या फळीखाली बॅटरी आणि मोटर कंट्रोलर झाकणारी जी पेटी असते, तिला एन्क्लोजर म्हणतात. जमिनीपासून ती जेमतेम काही सेंटिमीटरवर असते. उडणारे खडे, डबक्यातले पाणी, गतिरोधकाचा माथा आणि स्वाराच्या वजनाने वाकणारी फळी या सगळ्यांचा मार तिला बसतो. त्यामुळे प्लास्टिकच्या पेटीला तडा जाणे ही नेहमीची तक्रार आहे, पण ती किरकोळ नाही. बारा लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेला ‘१२ एस’ पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ५०.४ व्होल्ट देतो. केसाएवढ्या भेगेतून झिरपणारे पाणी त्याच्या जोडांना गंजवते आणि पुढे शॉर्ट सर्किटही घडवू शकते.

कारखान्यात बनणाऱ्या पेट्या बहुधा एबीएस, पॉलिकार्बोनेट (पीसी) या कडक प्लास्टिकच्या किंवा या दोहोंच्या मिश्रणाच्या असतात. स्वतः बोर्ड बांधणारे कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचा किंवा एबीएसचा पत्रा तापवून साच्यावर निर्वाताने ओढून घेतात. असा पत्रा कोपऱ्यात सर्वांत जास्त ताणला जातो, म्हणून तिथेच तो सर्वांत पातळ होतो आणि तिथेच फुटतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली पेटी मात्र थरांच्या सांध्यात उकलते.

तडा कुठून निघाला हे पाहिले की कारण बरेचदा कळते. बहुतेक तडे स्क्रूच्या भोकापासून सुरू होतात. स्वार उभा राहिला की फळी मध्ये दबते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली ताठ पेटी तेवढी ताणू शकत नाही, आणि सगळी ओढ भोकांच्या कडांवर येते. शंकूच्या आकाराच्या डोक्याचा स्क्रू प्लास्टिकमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि भोक आतून फाकवतो. बूस्टेड कंपनीच्या लवचिक बांबूच्या फळीवर बॅटरी एका टोकाला आणि कंट्रोलर दुसऱ्या टोकाला अशा दोन वेगळ्या पेट्या होत्या. मधला भाग मोकळा राहिल्याने फळीला वाकायला जागा मिळत असे. लवचिक फळीसाठी ही मांडणी एकसंध लांब पेटीपेक्षा निश्चितच शहाणपणाची आहे.

एक कारण मात्र सहसा ध्यानात येत नाही. कंपनाने स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावतात ते निळे थ्रेडलॉकर, म्हणजे आट्या जखडणारा द्रव, हवा नसलेल्या जागी, धातूच्या आट्यांमध्येच घट्ट होते. बाहेर ओघळलेला थेंब ओलाच राहतो. तो एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटमध्ये मुरतो आणि आधीच ताणाखाली असलेले प्लास्टिक भोकाभोवती ताऱ्यासारखे चिरते. काही तासांनी किंवा दिवसांनी हे उघडकीस येते, आणि तोवर मालक दोष रस्त्याला देऊन मोकळा झालेला असतो. प्लास्टिकजवळ थ्रेडलॉकरऐवजी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, वापरावा.

दुरुस्तीआधी बॅटरी पॅक बाहेर काढणे अनिवार्य आहे. त्यानंतर प्लास्टिक ओळखावे. आतल्या बाजूला सहसा ‘एबीएस’ किंवा ‘पीसी’ अशी अक्षरे उठवलेली असतात. ती नसतील तर एक तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई तरंगतात, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. तरंगणाऱ्या प्लास्टिकला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) नीट धरत नाही. ते त्याच जातीच्या प्लास्टिकच्या काडीने, उष्णतेने वितळवूनच जोडावे लागते.

पुढचे पाऊल म्हणजे तड्याचे टोक शोधणे. भेगेवर मार्करची शाई टेकवून लगेच पुसली की आत शिरलेली रेघ तेवढी उरते आणि डोळ्याला न दिसलेले टोक उमटते. त्या टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचे गोल भोक पाडतात. अणकुचीदार टोकाशी एकवटलेला ताण गोल कडेवर पसरतो आणि भेगेची वाट अडते. हे भोक न पाडता केलेली दुरुस्ती टिकण्याची आशा धरू नये.

एबीएससाठी त्याचेच कपटे अॅसिटोनमध्ये रात्रभर विरघळवून मधासारखा दाट लगदा करतात आणि खरवडून रुंद केलेल्या भेगेत भरतात. हा सांधा चिकटत नाही, तर एकजीव होतो. पॉलिकार्बोनेटला मात्र अॅसिटोन लावू नये, त्यानेच ते चिरते. अॅसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून काम उघड्यावर करावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत, किमान एक दिवस, बॅटरी आत बसवू नये. फेव्हिक्विकसारखे सायनोअॅक्रिलेट तुकडे जागेवर धरण्यापुरते ठीक आहे. ते ठिसूळ असल्याने कंपनात सुटते.

खरी ताकद आतून लावलेल्या ठिगळात असते. जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३ सेंटिमीटर पुढे जाईल असे काचतंतूचे कापड इपॉक्सीत भिजवून दोन थरांत बसवावे. सेलजवळ कार्बन फायबर वापरू नये, कारण ते वीज वाहते. मोटारीच्या बंपर दुरुस्तीत भेग शिवण्यासाठी तापवलेल्या स्टीलच्या पिना रुतवतात. त्यांची टोके पॅकच्या वेष्टनात घुसू शकतात, म्हणून त्या इथे टाळलेल्या बऱ्या.

पेटी परत बसवताना स्क्रूची भोके पेटीच्या लांबीच्या दिशेने किंचित लांबट करतात, डोक्याची खालची बाजू सपाट असलेल्या स्क्रूखाली रुंद वॉशर आणि रबरी चकती घालतात, कडेखाली बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची पट्टी लावतात. पट्टी जराशी दबेल इतकेच आवळायचे. प्लास्टिक पांढरे पडू लागले तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे. भेगेचे टोक जिथे संपले तिथे मार्करने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहून ठेवावी. महिन्याभरात तड्याने ती रेघ ओलांडली, किंवा तो एका स्क्रूच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत पोचला, तर ठिगळावर ठिगळ न लावता पेटी बदलावी.