बॉम्बे रक्तगट

मानवी तांबड्या पेशींवर एच प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरील, रक्तगट ठरवणारी खूण) नसल्यामुळे आढळणारा दुर्मीळ आनुवंशिक रक्तगट. ए आणि बी हे प्रतिजन एच प्रतिजनावरच एकेक शर्करेची भर पडून तयार होतात. तो पायाच नसेल, तर ए किंवा बीचे जनुक असूनही रक्त ओ गटासारखे दिसते. अंगी असलेले जनुक आणि बाहेर दिसणारे लक्षण यांतील अंतर दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण मानवी आनुवंशिकीत क्वचितच सापडते.

वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या या रक्ताचे वर्णन १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शोधाची हकिकत काही पाठ्यपुस्तकांत वेगळी येते : मुंबईतील एका स्त्रीचे रक्त ओ ठरले, पण तिच्या आईवडिलांपैकी एकाचा गट एबी होता आणि तिच्या अपत्यांत बी प्रतिजन उतरला. असा कौटुंबिक पुरावा फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत अभ्यासलेल्या कुटुंबाशी अधिक जुळतो. दोन वृत्तांतांची सरमिसळ झाली असावी, असे मानणे सयुक्तिक वाटते. दडलेले बी जनुक पुढच्या पिढीत प्रकट होते, हे त्या कुटुंबाने दाखवून दिले.

एच प्रतिजन घडवणारे एफयूटी१ जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, तर एबीओ जनुक नवव्यावर असते. म्हणून दोहोंचा वारसा एकमेकांवर अवलंबून नसतो. जनुकाची निकामी प्रत (‘एच लघु’, म्हणजे h) अप्रभावी असते; दोन्ही प्रती निकामी असल्या तरच तिचा परिणाम दिसतो. आई व वडील दोघांकडे एकेक निकामी प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यात बॉम्बे गट येण्याची शक्यता चारात एक. ती प्रत्येक खेपेस तेवढीच राहते, आधीच्या अपत्यांमुळे बदलत नाही. भारतीय व्यक्तींत बहुधा या जनुकातील ७२५व्या स्थानी थायमिन या डीएनए-घटकाच्या जागी ग्वानिन येते आणि त्या जनुकापासून बनणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) २४२व्या स्थानी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन बसते. लाळेत एच घडवणारे शेजारचे एफयूटी२ जनुकही सहसा गळालेले असते. त्यामुळे लाळेतही एच सापडत नाही.

भारतात हे प्रमाण सुमारे १०,००० मध्ये १, तर युरोपीय वंशीयांत त्याहून फारच कमी मानतात. भारतातील आकडा धरून आणि विवाह नात्याबाहेर होतात असे गृहीत धरून हिशेब केला, तर ५० मध्ये एक जण वाहक (एकच निकामी प्रत असलेला) ठरतो. मात्र आतेमामे भावंडांत लग्ने होत आलेल्या समाजांत हा हिशेब सैल पडतो. दोघांचे आजीआजोबा एकच असतील, तर तीच निकामी प्रत दोन्ही बाजूंनी अपत्यापर्यंत पोहोचू शकते.

नेहमीच्या तपासणीत पेशी ए-विरोधी किंवा बी-विरोधी द्रवात गोळा होत नाहीत, म्हणून नळीवर ‘ओ’ लिहिले जाते. उलट चाचणीत त्याच व्यक्तीच्या रक्तरसात ओ गटाच्या पेशी टाकल्या की त्यांच्या गुठळ्या होतात. खऱ्या ओ रक्तरसात तसे होत नाही. खात्रीसाठी युलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. त्याने ओ पेशी एकवटतात, बॉम्बे पेशी मोकळ्याच राहतात.

या व्यक्तींच्या रक्तातील एच-विरोधी प्रतिपिंड (एच प्रतिजनावर हल्ला करणारी प्रथिने) शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असतात; ओ रक्त चढवल्यास जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. त्यांना केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते, म्हणून सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी.